पाणी, पातं आणि मोमेंट : कयाक वल्हवण्याचे पहिले धडे



ट्रिपमध्ये धरणाच्या बॅकवॉटरवर गेलं की काठाला ओळीनं लावलेल्या लाल-पिवळ्या कयाक दिसतात. अर्ध्या तासाचे पैसे भरायचे, लाइफ जॅकेट गळ्यात अडकवायचं आणि ‘चल रे, काय होतंय!’ म्हणत आत बसायचं, ही आपली नेहमीची पद्धत. मग पुढचा अर्धा तास काय होतं? जिमला जाणारा आपला पैलवान मित्र लाल होईपर्यंत जोर लावतो, बोट जागच्या जागी गोल फिरते, आणि तेवढ्यात एखादी काटकुळी मुलगी त्याच्या शेजारून सरळ रेषेत निघून जाते! ताकद त्याच्याकडे जास्त, वेग तिच्याकडे जास्त. असं का?

उत्तर फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये आहे. मोमेंट म्हणजे बल गुणिले लंब अंतर. पेपर झाला की आपण ते सूत्र विसरतो, कयाक मात्र एक क्षणही विसरत नाही. कयाकचे सगळे मूळ स्ट्रोक या एका सूत्रातून समजतात, ही या लेखातली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : वल्हवायला शिकण्याआधी उलटायला शिका. लेख वाचून कोणी कयाक शिकत नाही, शिकवणारा माणूस शेजारी लागतोच. पण तो काय सांगतोय आणि का सांगतोय, हे आधी माहीत असलं तर पहिले चार दिवस वाया जात नाहीत.

कयाक म्हणजे नेमकं काय?

कयाक ही मुळात आर्क्टिक प्रदेशातल्या लोकांची शिकारीची होडी. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा आणि अलास्कातले लोक लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा बांधून त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचे. झाडं जवळजवळ नसलेल्या त्या मुलखात लाकूड मिळायचं ते समुद्रातून वाहत आलेलं. होडीचं माप शिकाऱ्याच्या अंगावरून घेतलं जायचं, शिंपी सदऱ्याचं घेतो तसं. म्हणूनच कयाकवाले म्हणतात, कयाकमध्ये बसायचं नसतं, कयाक अंगावर घालायची असते.

कनू आणि कयाक यांत लोक नेहमी गोंधळ करतात. कनूच्या वल्ह्याला एकच पातं असतं आणि ते एका बाजूनं मारतात. कयाकच्या पॅडलला दोन्ही टोकांना पाती असतात, माणूस पाय पुढे पसरून बसतो आणि आळीपाळीनं डावी-उजवीकडे मारतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून दोन्ही प्रकार स्पर्धेत आहेत. खळाळत्या पाण्यातली स्लालम शर्यत १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली.

आपल्याकडे भाड्यानं मिळणाऱ्या बऱ्याच कयाक ‘सिट-ऑन-टॉप’ असतात, म्हणजे वर उघड्यावर बसायचं. शिकण्यासाठी ही उत्तम, कारण उलटली तर माणूस आपोआप बाहेर पडतो. दुसरी ‘सिट-इन’, जिच्यात पाय आतल्या पोकळीत जातात.

१. पाण्यात उतरण्याआधी

पोहता येत नसेल तर तसं सांगा. मोठ्यानं सांगा. आपल्या हॉस्टेलमध्ये अशी कितीतरी मुलं आहेत ज्यांच्या गावात पोहण्याइतकं पाणी विहिरीत कधी टिकलंच नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. लाजून गप्प बसणं मात्र धोक्याचं आहे. दर पावसाळ्यात धरणावर, धबधब्यावर बुडालेल्या कॉलेजच्या मुलांच्या बातम्या आपण वाचतो. ‘याला पोहता येत नाही’ हे ग्रुपमध्ये कोणाला माहीतच नसेल, तर त्याच्यावर लक्ष ठेवणार कोण?

लाइफ जॅकेटचं गणित सोपं आहे. माणसाचं शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतंच. डोकं पाण्यावर राहायला बहुतेक प्रौढांना साधारण ३ ते साडेपाच किलो, म्हणजे ३० ते ५५ न्यूटनच्या आसपास जास्तीची उचल लागते. जॅकेटवर ५० एन किंवा १०० एन असं लिहिलेलं असतं, ते हेच. ५० वालं ज्याला पोहता येतं आणि ज्याच्याजवळ मदत आहे त्याच्यासाठी. पोहता न येणाऱ्यानं १०० किंवा त्याहून जास्तीचं मागून घ्यावं.

पण सैल जॅकेट असून नसल्यासारखं. सगळे बकल लावा, पट्टे ओढा आणि मित्राला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर उचलायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही तसंच सरकणार, आणि तुम्ही त्याच्यातून खाली जाणार. ही टेस्ट दहा सेकंदांची आहे. ती केल्याशिवाय काठ सोडायचा नाही.

२. बसायचं कसं?

सोफ्यावर टीव्ही बघताना बसतो तसं मागे रेलून बसू नका. पाठ ताठ, किंचित पुढे. तळपायांचा पुढचा भाग पायटेकणीवर टेकलेला. गुडघे थोडे वाकलेले आणि बाहेरच्या बाजूला. पाय पूर्ण सरळ राहत असतील तर पायटेकणी जवळ घ्या.

याचं कारण पुढे कळेल : कयाकमध्ये पायसुद्धा काम करतात.

तोलाचा नियम एकच, कंबर सैल आणि डोकं बोटीच्या मध्यरेषेवर. बोट डावीकडे कलली की घाबरून आपण अख्खे डावीकडे किंवा उजवीकडे झुकतो, गुरुत्वमध्य बाहेर जातो आणि मग उरलेलं काम गुरुत्वाकर्षण करतं. बोट कमरेखाली हलू द्या, वरचं धड सरळ ठेवा. कोकणातल्या होडीला बाजूनं उलांडी असते, ती बोटीची रुंदी वाढवून तोल सांभाळते. कयाकला उलांडी नसते. तुमची कंबर हीच तुमची उलांडी.

३. पॅडल धरायचं कसं?

पॅडल आडवं डोक्यावर ठेवा, मध्य डोक्याच्या मधोमध. दोन्ही कोपरं काटकोनात येतील अशी पकड घ्या. झालं, हेच अंतर. पॅडल खाली आणलं की हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद राहतात.

आता पातं बघा. त्याची एक बाजू किंचित खोलगट असते. ती तुमच्याकडे, म्हणजे मागच्या बाजूला हवी. बऱ्याच पॅडलचं पातं वर-खाली सारखं नसतं. अशा वेळी लांब कड वर. त्यावर ब्रँडचं नाव असेल तर ते बहुधा सुलट वाचता येतं. उलटं पॅडल धरून अर्धा तास घाम गाळणारे दर ट्रिपला एक-दोन तरी भेटतात!

पकड सैल ठेवा. मुठी आवळून धरलं की दहा मिनिटांत मनगट बोलायला लागतं. अंगठा आणि तर्जनीचं कडं पुरेसं आहे, बाकीची बोटं नुसती टेकवा.

४. आधी उलटा!

हा धडा बहुतेक जण गाळतात. कारण उघड आहे : कपडे भिजतात आणि हसं होतं. पण उलटण्याची भीती मनात असली की अंग आखडतं, अंग आखडलं की तोल जातो, आणि मग माणूस खरंच उलटतो. एकदा शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली मुद्दाम उलटून बघितलं की भीतीचं कारणच संपतं.

कंबरेच्या थोडं वर येईल एवढ्या पाण्यात, तळ स्वच्छ आणि दगड नसलेला असेल तिथे, शिकवणारा शेजारी उभा असताना हे करा.

सिट-इन कयाक असेल तर क्रम असा :

उलटताना पुढे झुका, नाक डेकच्या दिशेला. मागे रेललात तर चेहरा उघडा राहतो आणि बाहेर पडणंही अवघड होतं. पूर्ण उलटं झाल्यावर दोन्ही हात कमरेजवळ बोटीच्या कडेवर ठेवा, गुडघे जवळ घ्या आणि चड्डी काढतो तशी बोट अंगावरून ढकला. पुढच्या बाजूनं कोलांटी मारल्यासारखे तुम्ही बाहेर येता. एकूण वेळ पाच सेकंदांच्या आत. पाणी आत येऊ नये म्हणून कमरेला बांधतात तो स्कर्ट शिकाऊ माणसानं लावूच नये. ज्या दिवशी लावाल त्या दिवशी पुढची दोरी ओढून तो सोडवण्याचा सराव आधी करा आणि ती दोरी बाहेर आहे ना, हे प्रत्येक वेळी तपासा.

बाहेर आल्यावर एक हात बोटीवर, एक हात पॅडलवर. दोन्ही सोडायचे नाहीत. बोट तरंगते, लांबून दिसते आणि तिला धरून राहता येतं. ती सोडून काठाकडे पोहत निघणं हा शुद्ध वेडेपणा. पाण्यावरून काठ नेहमीच असतो त्यापेक्षा जवळ वाटतो.

सिट-ऑन-टॉपवर परत चढायचं असेल तर आधी बोट सुलट करा. मध्यभागी बाजूनं दोन्ही हात वर टाका, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारा आणि पोटावर बोटीवर घसरत या. मग पाठीवर वळा, शेवटी पाय आत घ्या. पोट, पाठ, पाय, हा क्रम पाठ करा. सिट-इनमध्ये पाणी भरलं असेल तर एकट्यानं उचलायला जाऊ नका. एक लिटर म्हणजे एक किलो. दीडशे लिटर पाणी आत असेल तर दीडशे किलो झाले. ती काठाला ओढून उलटी करून रिकामी करतात.

५. सरळ जाणं

आता मुख्य प्रश्न. पॅडल मारताना पाणी मागे ढकलायचं आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पातं पाण्यात रोवायचं आणि बोट त्याच्या पुढे ओढून न्यायची. चिखलात काठी रोवून होडी पुढे सरकवतो तसं समजा. पातं थोडं घसरतंच, पण डोक्यात चित्र हे हवं.

स्ट्रोकचे तीन भाग :

रोवणं. उजवीकडे मारताना उजवा खांदा पुढे न्या, म्हणजे कमरेपासून धड डावीकडे वळवा. हात जवळजवळ सरळ. पातं पायाच्या बोटांजवळ, बोटीला लागून, पूर्ण बुडेपर्यंत पाण्यात घाला. पूर्ण बुडण्याआधी ओढलं तर नुसता छपाक आवाज येतो आणि मागच्याला अंघोळ घडते.

ओढणं. आता हात वाकवू नका, वळवलेलं धड उलगडा. त्याच वेळी उजव्या पायानं पायटेकणी दाबा. ताकद पायातून कमरेत, कमरेतून पाठीत आणि तिथून पॅडलमध्ये येते. हात म्हणजे फक्त कनेक्टिंग रॉड, इंजिन खाली आहे.

काढणं. पातं कमरेजवळ आलं की बाजूनं वर उचला. त्यापुढे ओढू नका. कमरेच्या मागे पातं पाणी वर उचलतं आणि बोट वळवतं, पुढे नेत नाही.

आता आपल्या पैलवान मित्राची बोट गोल का फिरत होती ते बघा. उजवीकडच्या प्रत्येक स्ट्रोकनं बोट थोडी डावीकडे वळतेच, कारण बल मध्यरेषेवर लागत नाही. समजा बल ६० न्यूटन आणि पातं मध्यरेषेपासून ४० सेंटिमीटरवर. मोमेंट झाला २४ न्यूटन-मीटर. तेच पातं १.२ मीटर लांब गेलं तर ७२ न्यूटन-मीटर, म्हणजे तिप्पट! तो जोर लावत होता, पण पॅडल आडवं आणि बोटीपासून लांब. जितका जोर जास्त तितकं वळण जास्त. सरळ जायचं तर पॅडल उभं धरा, पातं बोटीला चिकटून. वरचा हात साधारण डोळ्यांच्या उंचीला येतो.

जोर वाढवून वेग वाढतच जातो असंही नाही. बोट चालताना स्वतःच्या लाटा तयार करते आणि एका मर्यादेनंतर सगळी मेहनत त्या लाटांत जाते. ढोबळ नियम असा : पाण्यातली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, उत्तर नॉट्समध्ये. १० फुटी कयाकसाठी हे साधारण ४.२ नॉट, म्हणजे तासाला पावणेआठ किलोमीटर येतं. १४ फुटीसाठी ५ नॉट, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. शर्यतीच्या लांब, अरुंद बोटी याच्या पुढे जातात, पण आपल्या भाड्याच्या रुंद बोटीसाठी नियम चांगला चालतो. तेव्हा दमछाक करण्यापेक्षा लय पकडा.

६. वळणं

आता तेच सूत्र उलटं वापरा. वळायचंय ना? मग अंतर वाढवा. या स्ट्रोकला स्वीप म्हणतात. पॅडल आडवं, दांडा पोटाच्या उंचीला. पातं पायाजवळ रोवा आणि बोटीपासून शक्य तितकं लांब ठेवत मोठं अर्धवर्तुळ काढत मागच्या टोकापर्यंत न्या. उजवीकडे स्वीप मारला की बोट डावीकडे वळते.

अर्धवर्तुळाचा पहिला आणि शेवटचा तुकडा सगळ्यात जास्त वळवतो. पहिला पुढचं टोक ढकलतो, शेवटचा मागचं टोक ओढतो. मधला तुकडा बोट पुढे नेतो. नजर पात्याबरोबर फिरवा, म्हणजे धड आपोआप फिरतं. जागच्या जागी फिरायचं असेल तर एका बाजूला पुढचा स्वीप, दुसऱ्या बाजूला उलटा. याला आपण कपल म्हणतो : दोन विरुद्ध बलं, नेट फोर्स शून्य, उरतो नुसता मोमेंट. व्हायवात विचारलं तर हे उदाहरण जरूर द्या!

७. थांबणं, मागे येणं, बाजूला सरकणं

कयाकला ब्रेक नाही. थांबायला आळीपाळीनं छोटे उलटे स्ट्रोक मारायचे, उजवा-डावा-उजवा-डावा. एकाच बाजूला मोठा मारलात तर बोट थांबायच्या आधी आडवी होते. मागे जाताना पॅडल फिरवून धरायचं नाही, पात्याची मागची बाजूच वापरायची, आणि दर दोन-तीन स्ट्रोकनंतर मागे वळून बघायचं.

धक्क्याला किंवा मित्राच्या बोटीला बाजूनं लागायचं असेल तर ड्रॉ स्ट्रोक. धड त्या बाजूला वळवा, पातं हातभर लांब, बोटीला समांतर पाण्यात घाला आणि कमरेकडे ओढा. बोटीपासून वीतभर अंतरावर थांबा, मनगट फिरवून पातं सुरीसारखं काटकोनात करा आणि पाण्यातूनच परत बाहेर न्या. न थांबता ओढत राहिलात तर पातं बोटीखाली जातं आणि तुम्ही पाण्यात!

८. तोल गेलाच तर

बोट एका बाजूला कलंडायला लागली की त्या बाजूला पात्याच्या मागच्या बाजूनं पाण्यावर सपाट थाप मारा. कोपरं दांड्याच्या वर, दांडा पोटाजवळ. पाणी क्षणभर जमिनीसारखा आधार देतं. तेवढ्या क्षणात कंबर झटकून बोट सरळ करायची, डोकं सगळ्यात शेवटी वर. आधी डोकं वर उचलणं हा सगळ्यांचा नैसर्गिक कल असतो आणि त्यामुळेच बोट पूर्ण उलटते.

एक इशारा खांद्यासाठी. दोन्ही हात नेहमी छातीच्या पुढे हवेत. मागे काही करायचं असेल तर हात मागे न नेता धडच वळवा. मागे ताणलेल्या सरळ हातावर पाण्याचा जोर आला की खांदा निखळू शकतो.

९. वारा, ऊन आणि धरण

उन्हाळ्यात दुपारनंतर धरणांवर वारा चढतो. म्हणून सकाळी लवकर उतरा आणि जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमून परतताना वारा पाठीशी राहतो. काठाकडून आत वाहणारा वारा सगळ्यात फसवा, कारण काठाशी पाणी शांत दिसतं. वळवाच्या ढगांचा गडगडाट ऐकू आला की काठ गाठा. टोपी आणि बोटीला बांधलेली पाण्याची बाटली विसरू नका.

प्रत्येक धरणावर उतरायला परवानगी नसते. जिथे रीतसर बोट क्लब किंवा प्रशिक्षण आहे तिथेच जा. भिंतीजवळ आणि सांडव्याजवळ कधीच नाही.

वाहतं पाणी हा वेगळाच विषय. कोलाडच्या कुंडलिकेत राफ्टिंगला जे पाणी मिळतं ते मुळशी धरणाचं, भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं. म्हणजे नदीची पातळी पावसावर नाही, वीजनिर्मितीवर ठरते आणि थोड्या वेळात बदलते. अशा पाण्यात पडलात तर उभं राहू नका. दगडांत पाय अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो. उताणे व्हा, पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेला, आणि मग तिरकं काठाकडे या. स्थिर पाण्यावर हात बसेपर्यंत तिकडे वळूच नका.

१०. दुसऱ्या दिवशी कुठे दुखतंय?

स्वतःला मार्क देण्याची ही सोपी पद्धत :

मनगट आणि पंजा दुखतोय – पकड घट्ट आहे.
दंड दुखतायत – हातानं ओढताय, धड वळत नाही.
कमरेचा खालचा भाग दुखतोय – मागे रेलून बसताय.
पोटाच्या बाजू आणि पाठ दुखतेय – शाब्बास, बरोबर चाललंय!

सरावाचा क्रम असा ठेवा. पहिला दिवस नुसतं बसणं, उलटणं, परत चढणं. दुसरा दिवस सरळ जाणं, काठाला समांतर, शंभर मीटरच्या आत. तिसरा दिवस स्वीप आणि थांबणं. चौथ्या दिवशी ड्रॉ आणि तोल सावरण्याची थाप. रोज एक तास पुरे. आणि एकट्यानं कधीच नाही.

पुण्यात मुळा नदीवर सीओईपीच्या मुलांचा बोट क्लब आहे. तिथला रेगाटा १९२८ पासूनचा. इंजिनिअरिंगच्या मुलांनी वल्ही मारण्याची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे. आणि मध्य प्रदेशच्या प्राची यादवचं नाव लक्षात ठेवा. टोकियो पॅरालिंपिक्समध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) कनू शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचून ती आठवी आली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई पॅरा स्पर्धेत तिनं कयाकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. पाय साथ देत नसताना तिनं हे केलंय. तेव्हा ‘माझ्यात तेवढी ताकद नाही’ ही सबब आपल्यापैकी कोणालाच चालणार नाही.

सबमिशन संपली की सुट्टीत महिनाभर आधी स्विमिंग टँक लावा, निदान ५० मीटर न थांबता पोहता येईपर्यंत. मग कयाक. आणि पुढच्या ट्रिपला कोणी ‘चल रे, काय होतंय!’ म्हणालं, तर आधी त्याच्या जॅकेटचे पट्टे ओढून बघा.